वाळूज, शेंद्रा की बिडकीन: कंपनी शहराबाहेर, मग खोली कुठे घ्यायची?

परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडच्या पोराला नोकरी लागली की घरचे सगळ्यांना सांगतात, 'संभाजीनगरला लागला'. कंपनी मात्र बहुतेक वेळा शहरात नसतेच. वाळूज शहराच्या पश्चिमेला नगर रोडवर, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर आणि बिडकीन दक्षिणेला पैठण रोडवर. तिन्ही ठिकाणं तीन दिशांना, आणि मधे अख्खं शहर. त्यामुळे मित्र पूर्वेकडच्या सिडकोत राहतो म्हणून सिडकोत खोली बघितली आणि कंपनीचं गेट निघालं वाळूजला, तर रोज शहर आरपार ओलांडायची पाळी येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिले अकरा महिने भाड्यानेच राहा, कंपनी ज्या दिशेला आहे शहराच्या त्याच अंगाला राहा, आणि घर निवडताना पाण्याची चौकशी भाड्याच्याही आधी करा. गेटपासूनचे किलोमीटर त्यानंतर मोजू.

गेट कोणतं, शिफ्ट कोणती

ऑफर लेटरवर बऱ्याचदा नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असतो, तुम्ही जिथे उभे राहणार त्या प्लांटचा नसतो. काही कंपन्यांचा एक प्लांट वाळूजला तर दुसरा शेंद्र्याला किंवा चिकलठाण्याला असतो. म्हणून एचआरला फोन करून थेट विचारा: प्लॉट नंबर आणि सेक्टर कोणता, प्रोबेशन संपल्यावर दुसऱ्या प्लांटला पाठवतात का, शिफ्ट दर आठवड्याला फिरते का, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. एमआयडीसीत सुट्टी रविवारीच असते असं धरून चालू नका. बायको शाळेत किंवा बँकेत असेल तर दोघांच्या सुट्ट्या जुळणार नाहीत, आणि गावी जायचं म्हटलं की ते सगळ्यात आधी खटकतं.

कंपनीची बस असेल तर तिचे थांबे लिहून घ्या. त्याच दमात विचारा की ही बस कंत्राटी आणि ट्रेनी कामगारांनाही आहे की फक्त पर्मनंटवाल्यांना. बस शिफ्टच्या वेळेलाच सुटते, ओटीला थांबलात की ती निघून गेलेली असते. सेकंड शिफ्ट सुटते रात्री अकरा-साडेअकराच्या सुमाराला. त्या वेळी शेअर रिक्षा मिळेल या भरवशावर खोली घेऊ नये.

रेल्वेरूळ कुठे ओलांडावा लागतो?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला लावतो. शहराचा कणा म्हणजे जालना रोड: बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी, चिकलठाणा, केंब्रिज चौक. त्याच्या दक्षिणेला बीड बायपास, आणि या दोन रस्त्यांच्या मधून रेल्वेचा रूळ जातो. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्याच: स्टेशनजवळचा उड्डाणपूल, संग्रामनगरचा उड्डाणपूल, शिवाजीनगरचा भुयारी मार्ग, अशा. रुळाच्या दक्षिणेकडे सातारा-देवळाई परिसरात घर आणि मुलाची शाळा सिडकोत असेल तर रोज सकाळी अशाच एखाद्या चिंचोळ्या जागी तुम्ही अडकणार. नकाशावर चार किलोमीटर दिसतं, त्याला पंचवीस मिनिटं लागतात. घर, गेट आणि शाळा तिन्ही रुळाच्या एकाच अंगाला असतील तर निम्मी कटकट मिटली.

वाळूजला नोकरी असेल तर

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्याभोवती पुरवठादार कंपन्या आल्या आणि त्यांच्याभोवती वस्ती वाढत गेली. त्यामुळे राहायचे सर्वाधिक पर्याय इथेच सापडतात, आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

बजाजनगर हे एमआयडीसीच्या हद्दीतलं निवासी नगर. मोरे चौक, महाराणा प्रताप चौक या भागात किराणा, दवाखाना, मेस, कोचिंग क्लास सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. शेजारी परभणीचा, वर हिंगोलीचा, समोर बुलढाण्याचा. पहिल्या नोकरीतल्या पोराला परकं वाटत नाही. गेट जवळ, सायकलवरही जाता येतं. रांजणगाव शेणपुंजी आणि जोगेश्वरीत खोल्या आणखी स्वस्त पडतात. एका रांगेत दहा-बारा खोल्या, बाहेर सामायिक नळ, अशी चाळीची रचना. एकट्याला दोन-तीन वर्षं काढायला ठीक, पण लहान लेकरू असेल तर गटारं आणि पावसाळ्यातला रस्ता डोळ्यांनी बघून मगच ठरवा. सिडकोचं वाळूज महानगर, तिसगाव, वडगाव कोल्हाटी हा भाग थोडा मोकळा. इथे फ्लॅट आणि रो-हाऊस मिळतात, रस्ते आखलेले आहेत. जवळचं पाटोदा हे गाव ग्रामपंचायतीच्या कारभारासाठी राज्यभर नावाजलेलं. तिथे खोली मिळाली तर जरूर बघा.

या भागात एक गोष्ट आधी विचारून घ्या: घर नेमकं कोणाच्या हद्दीत येतं, एमआयडीसी, सिडको की ग्रामपंचायत? रस्त्याच्या या बाजूला एकाची हद्द तर त्या बाजूला दुसऱ्याची. पाणी कोण देणार, कचरा कोण उचलणार, रस्त्यावरचा दिवा गेला तर तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यावर ठरतं. घरमालकाला विचारलं की तो 'इथं काही प्रॉब्लेम नाही' म्हणतो. घरपट्टीची पावती बघा, तिच्यावर छापलेलं असतं.

शहरात राहून वाळूजला जायचं असेल तर पश्चिमेकडचा भाग धरा: पडेगाव, मिटमिटा, छावणीच्या आसपास, किंवा स्टेशनजवळ पदमपुरा, बन्सीलालनगर. नगर नाका ते गोलवाडी या पट्ट्यात शिफ्टच्या वेळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. कांचनवाडी, नक्षत्रवाडीवाल्यांना लिंक रोडने थेट नगर रोडवरच्या एएस क्लबला निघता येतं, शहरात शिरावं लागत नाही. पण त्या रस्त्यावर ट्रक-कंटेनर भरपूर, रात्री दुचाकीवाल्याने जपून. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या पंढरपूरला लाखोंची गर्दी होते आणि नगर रोडची वाहतूक वळवतात. त्या दिवशीची शिफ्ट आधीच बदलून घेतलेली बरी.

शेंद्र्याला असेल तर

शेंद्रा पंचतारांकित एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. त्याला लागून ऑरिक हे नवं औद्योगिक शहर उभं राहिलं. ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं. रस्ते, दिवे, वीज बघून माणूस भारावतो, पण वस्ती अजून वाळूजसारखी दाटलेली नाही. कुंभेफळ, शेंद्रा गाव आणि करमाडला खोल्या मिळतात. कुटुंब घेऊन येणारे बहुतेक जण चिकलठाणा, मुकुंदवाडी, रामनगर, सिडकोचे एन-१ ते एन-४ किंवा केंब्रिज चौकाच्या आसपास घर घेतात, आणि मला तेच पटतं. नारेगावच्या, म्हणजे शहराच्या जुन्या कचरा डेपोच्या, बाजूला घर बघत असाल तर एकदा संध्याकाळी वारा सुटल्यावर जा. वास येतो का ते नाकालाच कळेल.

शेंद्र्याच्या दुचाकीवाल्यांना आणखी एक त्रास असतो, तो नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. जनरल शिफ्टला जाताना तोंड पूर्वेला, येताना पश्चिमेला. दोन्ही वेळेला ऊन सरळ डोळ्यांत. शहरातून वाळूजला जाणाऱ्याच्या पाठीवर ते येतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा जालना रोडवर समोरचा डंपर वेळेवर दिसत नाही. चांगल्या व्हायझरचं हेल्मेट घ्या, किंवा सरळ बसने जा.

जालन्यात स्वतःचं घर असेल तर ते सोडायची घाई करू नका. शेंद्रा जालन्याच्याच अंगाला आहे, एका बाजूने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतं. चौघांनी मिळून कार काढली तर परवडतं. रेल्वे करमाडला थांबते खरी, पण शिफ्ट बघून कोणी गाडी सोडत नाही.

सावंगी-हर्सूलकडच्या जाहिरातींत 'समृद्धी महामार्गापासून पाच मिनिटं' असं ठळक अक्षरांत असतं. समृद्धीवर दुचाकी चालत नाही. तुमच्याकडे मोटारसायकलच असेल तर ती पाच मिनिटं तुमच्या काही उपयोगाची नाहीत.

बिडकीनला असेल तर

ऑरिकचा मोठा भाग बिडकीनलाच आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी तिथे प्रकल्प जाहीर केले आणि पैठण रोडच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक उगवले. राहण्यासाठी मात्र आज तरी कांचनवाडी, नक्षत्रवाडी, इटखेडा हेच सोयीचे. एकट्या माणसाला बिडकीन किंवा चितेगावात खोली चालेल. पैठण रोडवर काम आणि वाहतूक दोन्ही भरपूर, तेव्हा अंतरावर न जाता वेळ मोजूनच ठरवा.

पाणी

इथे घाई केली तर पुढचे अकरा महिने रोज आठवण येते.

धरण जवळ आहे. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. तरी शहरातल्या नळाला कित्येक वर्षं रोज पाणी आलेलं नाही. भागानुसार चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांआड, असंच चालत आलं. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्या वाढत्या शहराला पुरेनात म्हणून २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी हाती घेतली गेली. घर दाखवताना प्रत्येक मालक तिचं नाव घेतो. तुम्ही मात्र समोरच्या दारात भांडी घासणाऱ्या मावशीला विचारा, 'मावशी, मागच्या वेळी नळ कधी आला होता, आणि किती वेळ?' तिला तारीख, वेळ, दाब सगळं पाठ असतं.

आता हिशेब. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. चौघांचं कुटुंब धरलं तर दिवसाला ५४० लिटर. नळ आठ दिवसांनी येत असेल तर ४,३२० लिटर साठवण हवी. काटकसरीने माणशी ८० लिटरवर भागवलं तरी २,५६० लिटर लागतंच. गच्चीवर हजार लिटरची एक टाकी आणि घरात मालकासह तीन बिऱ्हाडं असतील, तर चौथ्या दिवशी भांडण ठरलेलं. म्हणून विचारायचं ते असं: खाली हौद आहे का, किती लिटरचा, त्यात वाटेकरी किती, मोटारीची चावी कोणाकडे, बोअर आहे का आणि मेमध्ये तो चालतो का, टँकर मागवला तर पैसे कोण देणार. हौदाचं झाकण उघडून बघा. मालकाला राग आला तर समजा उत्तर मिळालं.

उन्हाळ्याचा विचार थंडीतच करावा लागतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो, कूलरशिवाय झोप नाही, आणि कूलर पाणी पितो. मोठा कूलर रात्रभर चालवला तर एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याएवढं पाणी सहज संपवतो. जिथे पाणी आठवड्याने येतं तिथे वरच्या मजल्याचं घर पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका. नाइट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्याने तर वरचा मजला घेऊच नये. शक्य असेल तर पश्चिमेच्या भिंतीची खोलीही टाळा.

बोअरचं पाणी जड असतं. बाथरूमच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीला खडबडीत कड दिसली की समजून जा. पिण्यासाठी जार घ्यावे लागतील, त्याचा खर्च भाड्यात धरा.

सातारा-देवळाई परिसर मोकळा आहे, डोंगर दिसतो, नवे फ्लॅट ऐसपैस आहेत. पण कित्येक सोसायट्यांची वर्षानुवर्षं टँकरवर भिस्त राहिली आहे, आणि आतल्या गल्ल्यांत काळ्या मातीचा चिखल असा होतो की गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावून बूट हातात घ्यावे लागतात. तिथलं घर बघायचं तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघा.

पैशांचा हिशेब

समजा नोकरी वाळूजला आणि तुमचं मन गारखेड्यात. जायला १६ किलोमीटर धरू. येऊन-जाऊन ३२, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ८३२ किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर सोळा-सतरा लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १,७५० च्या घरात. सर्व्हिसिंग आणि टायर धरून बावीसशे. म्हणजे गारखेड्यातली खोली बजाजनगरपेक्षा बावीसशेने स्वस्त असेल तरच बरोबरी होते, आणि ती तशी नसते. शिवाय वेळ. एका बाजूला पस्तीस मिनिटं जास्त लागली तर महिन्याचे तीस तास रस्त्यावर गेले.

तरी शहरात राहण्यालाही अर्थ आहे. बायकोची नोकरी, क्लासेस, आई-वडिलांचे दवाखाने, बदली झाली तर दुसऱ्या दिशेला जाण्याची सोय, हे सगळं शहराच्या पारड्यात पडतं. एकटा असाल तर गेटजवळ राहा, कुटुंब असेल तर शहराच्या त्या अंगाला. एकजण वाळूजला आणि दुसरा चिकलठाण्याला असेल तर स्टेशन, उस्मानपुरा, क्रांती चौक हा मधला पट्टा महाग असला तरी बघावा, कारण लांबचा प्रवास एकट्याच्याच गळ्यात पडला की वर्षभरात घरात धुसफूस सुरू होते. गावी वारंवार जाणाऱ्यांनी सिडको बसस्थानकाचा विचार करावा. जालना, परभणी, नांदेडकडच्या गाड्या तिथे मिळतात.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय कापला जातो. मग कामगार विमा रुग्णालय चिकलठाण्याला आहे हे लक्षात ठेवा, आणि आपला दवाखाना कोणता ते कंपनीकडून लिहून घ्या. घरात कोणाला कायमची औषधं चालू असतील तर याने निर्णय फिरू शकतो.

घर बघायला कधी जायचं

रविवारी दुपारी सगळी घरं चांगलीच दिसतात. सुट्टी नसलेल्या दिवशी, तुमची शिफ्ट सुरू होते त्या वेळेला, त्या घरापासून गेटपर्यंत गाडी चालवून बघा. सेकंड शिफ्ट असेल तर रात्री साडेअकराला उलट्या दिशेने. कुत्री किती, दिवे किती, वळणावर कोण बसलेलं असतं, सगळं कळतं. शेवटचा अर्धा किलोमीटर पायी चाला. घरातल्या बाईलाही सोबत न्या. तिला एकटीला त्या गल्लीतून संध्याकाळी दूध आणायला जावंसं वाटतं का, हे तिलाच कळणार.

प्लॉट घेऊन टाकू का?

पहिल्या पगाराबरोबर कोणीतरी नक्की सांगेल, 'भाडं कशाला भरतोस, हप्त्यावर प्लॉट घे.' या शहरात गुंठेवारीच्या वसाहती पुष्कळ. शेतजमिनीचे तुकडे पाडून बॉन्ड पेपरवर विकलेले प्लॉट. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण ती शुल्क भरून आणि अर्ज करून. नुसत्या बॉन्डवर बँक कर्ज देत नाही. सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव असतं आणि पुढे त्याचे भाऊबंद उभे राहतात. एनए (अकृषिक) आदेश, मंजूर लेआउट, रजिस्ट्री, आणि मोठा प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक, यातलं एक जरी 'होऊन जाईल' या सदरात असेल तर टोकन देऊ नका. प्रोबेशन संपेपर्यंत तर अजिबातच नको.

करार आणि चावी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. साध्या स्टँपवर नोटरी करून 'झालं' म्हणणारे मालक पुष्कळ भेटतील. खर्च फार नाही हे त्यांना हिशेबाने दाखवा: भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटाची फी. नोंदणी ऑनलाइन होते. पोराला आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर) शाळेत घालायचं असेल तर नोंदवलेलाच करार लागतो, तोही अर्ज भरण्याआधीचा. नोटरीवाला तिथे चालत नाही. शेजारच्याचा अर्ज बाद झाला की मग सगळे धावतात.

करारात या गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट किती दिवसांत परत, नोटीस एक महिन्याची की दोन, टँकर कोणाच्या खर्चाने, लाइटबिल कसं. वीजमीटर स्वतंत्र आहे का हे तर बघाच. तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि तुम्ही दोन पंखे लावून महागाच्या दराने बिल भरता. ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर आधीची थकबाकी बघता येते. भाडेकरू म्हणून तुमची माहिती पोलीस ठाण्याला देणं मालकाचं काम, पण त्याची प्रत तुमच्याकडेही असू द्या. रेशनकार्ड बदलायची घाई नाही, धान्य इथल्या दुकानातूनही उचलता येतं.

चावी घेतली की मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, भिंतींच्या भेगांचा आणि गळतीच्या डागांचा व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. काळ्या मातीवरच्या घरांना भेगा असतातच, जाताना त्या तुमच्या नावावर नकोत. सामान आणायचा दिवस ठरवताना नळाचा दिवस विचारून घ्या आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो आणा. नळ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोहोचलात तर आधीच्या बिऱ्हाडाने रिकामी केलेली टाकी आणि पुढचा आठवडा, दोन्ही तुमचेच.